जुने कार्ड, नवे कार्ड : तुलना करायची तरी कशी?

समजा तुमची शाळा चाकणजवळच्या एखाद्या गावात आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान आरेखन कार्यालयाने आपले दोन जुने संगणक शाळेला भेट दिले. एका संगणकात २०१० साली बाजारात आलेले ‘जीफोर्स जीटीएक्स ४८०’ हे ग्राफिक्स कार्ड आहे, तर दुसऱ्यात २०१४ साली आलेले ‘जीफोर्स जीटीएक्स ७५० टीआय’. पहिले कार्ड विटेसारखे जड असून त्यावर मोठा पंखा आहे. दुसरे हाताच्या पंजाएवढे. प्रयोगशाळेत जागा एकाच संगणकाला आहे. कोणता ठेवाल?

कोणी म्हणेल, “मोठा तो बलवान!” कोणी म्हणेल, “नवा तो चांगला!” हे दोन्ही अंदाज झाले. अंदाजावरून निवड करायची नसेल तर मोजमाप करावे लागते, आणि मोजण्यापूर्वी काय मोजायचे ते ठरवावे लागते. आज आपण हेच शिकणार आहोत. येथे दिलेली नावे केवळ उदाहरणादाखल आहेत. रीत मात्र कोणत्याही दोन यंत्रांना लागू पडेल.

कार्ड करते तरी काय?

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. आडवे १९२० आणि उभे १०८० अशा पडद्यावर २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. हलते चित्र सफाईदार दिसावे म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढायची म्हटली, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. एक चित्र पुरे करायला मिळतो तो वेळ सुमारे १७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग.

हे काम प्रचंड असले तरी एकसुरी आहे. प्रत्येक बिंदूसाठी जवळजवळ तेच गणित, फक्त आकडे वेगळे. शिवाय एका बिंदूचे गणित बहुधा शेजारच्या बिंदूसाठी खोळंबून राहत नाही. अशा कामाला एकच हुशार कारागीर नेमण्यापेक्षा शेकडो साधे कामगार एकाच वेळी लावणे फायद्याचे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा तो हुशार कारागीर. ग्राफिक्स कार्डावरची चकती म्हणजे शेकडो कामगारांची शेड.

ही कल्पना पुण्याला नवी नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो अनेक लहान प्रोसेसरांना एकत्र कामाला जुंपूनच. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला. त्याची ताकद मुख्यतः ग्राफिक्स प्रोसेसरांच्या कुळातून आलेल्या चकत्यांची आहे. चित्रे काढण्यासाठी जन्मलेले यंत्र असे मोठ्या गणितांच्या कामी आले.

कारखान्यात जाऊन पाहू

पिंपरी-चिंचवड किंवा चाकण भागातील एखादा सुटे भाग बनवणारा कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याचे रोजचे उत्पादन कशावर अवलंबून असते?

पहिली गोष्ट, कामगार किती. दुसरी, प्रत्येकाचा हात किती वेगाने चालतो. तिसरी, शेडमधल्या गोदामातून कच्चा माल किती वेगाने त्यांच्या हाती येतो. चौथी, त्या गोदामात माल किती मावतो. पाचवी, कामगारांच्या बाकाजवळच लहान फडताळ आहे का. म्हणजे प्रत्येक खिळ्यासाठी गोदामाकडे जावे लागत नाही.

ग्राफिक्स कार्डातही हेच पाच घटक आहेत. कामगार म्हणजे गणन करणारे कोअर. हाताचा वेग म्हणजे घड्याळाचे ठोके, ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. मालाच्या वाहतुकीचा वेग म्हणजे स्मृतीची वहनक्षमता, ती सेकंदाला इतके गिगाबाइट अशी सांगतात. गोदाम म्हणजे कार्डावरची स्मृती. बाकाजवळचे फडताळ म्हणजे कॅश स्मृती.

चाकणच्या चौकात मालमोटारी अडकून पडल्या की आतल्या कामगारांना हात बांधून बसावे लागते. तेव्हा आणखी शंभर कामगार भरती करून काय उपयोग? कार्डाचेही तसेच. पाचांपैकी जो घटक सर्वांत तोकडा पडतो, तोच एकंदर वेग ठरवतो.

कागदावरची तुलना

आता आपल्या दोन कार्डांचे आकडे मांडू.

जीटीएक्स ४८० : वर्ष २०१०, कोअर ४८०, ठोके १.४०१ गिगाहर्ट्झ; स्मृती १.५ गिगाबाइट, वहनक्षमता सेकंदाला सुमारे १७७ गिगाबाइट, कमाल विद्युत्शक्ती २५० वॉट.

जीटीएक्स ७५० टीआय : वर्ष २०१४, कोअर ६४०, ठोके १.०२ गिगाहर्ट्झ, स्मृती २ गिगाबाइट, वहनक्षमता सेकंदाला सुमारे ८६ गिगाबाइट, कमाल विद्युत्शक्ती ६० वॉट.

प्रत्येक कोअर एका ठोक्याला एक गुणाकार व एक बेरीज, अशा दोन क्रिया करू शकतो. म्हणून :

जुने कार्ड : ४८० × २ × १.४०१ = सुमारे १,३४५
नवे कार्ड : ६४० × २ × १.०२ = सुमारे १,३०६

ही उत्तरे गिगाफ्लॉपमध्ये आहेत. एक गिगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला शंभर कोटी क्रिया. दोन्ही कार्डे जवळजवळ बरोबरीची ठरली! मोठा तो बलवान नाही, आणि नवा तो वेगवानही नाही.

पण आता या आकड्यांना विद्युत्शक्तीने भागा. जुन्या कार्डाला दर वॉटमागे ५.४ गिगाफ्लॉप मिळतात, नव्याला २१.८. म्हणजे तेच काम नवे कार्ड चौथाई विजेत करते. जुन्या कार्डाला वीज पुरवायला दोन जादा जोडण्या आणि ६०० वॉटचा वीजपुरवठा संच सुचवलेला होता. नव्याला मूळ रचनेत जादा जोडणी लागत नाही. ज्या खाचेत ते बसते तीच खाच ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकते.

शाळेत हा संगणक पूर्ण भाराने रोज ४ तास, वर्षाचे २०० दिवस चालला असे धरा. फरक १९० वॉटचा. १९० × ४ × २०० = १,५२,००० वॉट-तास, म्हणजे १५२ युनिटे. ही वीज शेवटी उष्णताच होते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत जुने कार्ड हे एक लहान शेगडीच समजा.

अर्ध्या रस्त्यावर पूर्ण माल कसा?

तुमच्यापैकी चाणाक्ष वाचकांना शंका आली असेल : नव्या कार्डाची वहनक्षमता जुन्याच्या निम्मीच आहे. मग कामगार रिकामे बसत नाहीत का?

उत्तर फडताळात आहे. जुन्या कार्डात सामाईक कॅश होती ७६८ किलोबाइट, तर नव्यात २ मेगाबाइट. वारंवार लागणारा माल हाताशीच असल्यामुळे गोदामाच्या फेऱ्या घटल्या. कोअरांची गटवारीही नव्याने केली गेली. शिवाय जुनी चकती ४० नॅनोमीटर तंत्राने घडवलेली होती, नवी २८ नॅनोमीटर तंत्राने. त्यामुळे लहान जागेत अधिक भाग बसले आणि वीज कमी लागली.

म्हणूनच ‘कोअर किती?’ एवढेच विचारून दोन पिढ्यांची तुलना करू नये. २००६ सालच्या ‘जीफोर्स ८८०० जीटीएक्स’पूर्वी या कंपनीच्या कार्डांत आकृतीचे कोपरे मोजणारे घटक वेगळे आणि बिंदू रंगवणारे घटक वेगळे असत. एका गटाला काम नसले तरी तो दुसऱ्याला मदत करू शकत नसे. ८८०० मध्ये एकच घटक दोन्ही कामे करू लागला. त्याआधीचा ‘एक घटक’ आणि त्यानंतरचा ‘एक कोअर’ यांची बरोबरी करणे म्हणजे बैलगाड्या आणि टेम्पो एकत्र मोजण्यासारखे आहे.

जुने कार्ड जिंकते ते काम

आतापर्यंत नव्या कार्डाचे पारडे जड वाटत असेल. जरा थांबा.

संगणक दशांश संख्या ठरावीक जागेत साठवतो. ‘एकेरी अचूकते’त सुमारे ७ सार्थ अंक मिळतात, ‘दुहेरी अचूकते’त १५ ते १६. एकेरी अचूकतेत १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला, तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येते! मिळवलेला एक साठवायला जागाच उरत नाही.

पडद्यावरील रंगात एवढ्या चुकीने काही बिघडत नाही. परंतु यंत्राच्या भागावर किती ताण येईल हे काढताना लाखो लहान आकडे एकमेकांत मिसळतात आणि बारीक चुका साचत जातात. अशा गणिताला पुष्कळदा दुहेरी अचूकताच लागते.

या कामात आपली कार्डे कशी ठरतात? जीटीएक्स ४८० दुहेरी अचूकतेत आपल्या एकेरी वेगाच्या एक-अष्टमांश वेगाने चालते : सुमारे १६८ गिगाफ्लॉप. जीटीएक्स ७५० टीआय फक्त एक-बत्तिसांश वेगाने : सुमारे ४१ गिगाफ्लॉप. कागदावर तरी जुने कार्ड चौपट वेगवान! नव्या कार्डाच्या रचनाकारांनी खेळ व चित्रे यांना न लागणारी ही सोय कमी करून जागा आणि वीज वाचवली होती.

तेव्हा ‘कोणते कार्ड चांगले?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी?’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

गोदाम कमी पडले तर?

अलीकडची एक जोडी पाहा. २०२१ च्या ‘आरटीएक्स ३०६०’ मध्ये ३,५८४ कोअर, १२ गिगाबाइट स्मृती आणि सेकंदाला ३६० गिगाबाइट वहनक्षमता आहे. २०२३ च्या ‘आरटीएक्स ४०६०’ मध्ये कोअर ३,०७२, स्मृती ८ गिगाबाइट आणि वहनक्षमता २७२. तीनही आकडे घटले! तरी ठोके वाढल्याने गणनवेग सुमारे १२.७ वरून १५.१ टेराफ्लॉपवर गेला. एक टेराफ्लॉप म्हणजे हजार गिगाफ्लॉप. कॅश ३ वरून २४ मेगाबाइट झाली आणि कमाल विद्युत्शक्ती १७० वरून ११५ वॉटवर आली. बहुतेक खेळांत नवे कार्ड पुढे जाते.

परंतु एखाद्या कामाला १० गिगाबाइट माहिती कार्डावर हवी असेल तर? ३०६० मध्ये ती मावते. ४०६० मध्ये उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य स्मृतीतून, खाचेच्या वाटेने आणावी लागते. त्या वाटेचा वेग सेकंदाला जेमतेम १६ गिगाबाइट. स्वतःच्या गोदामापेक्षा ही वाट सतरापट अरुंद! येथे जुने कार्ड नव्याला सहज मागे टाकू शकते. शेडमधले गोदाम भरले म्हणून उरलेला माल घाटापलीकडे ठेवला, तर कामगार कितीही चपळ असून काय होणार?

सगळे काम कार्डाचे नसते

भोसरीच्या आरेखन कार्यालयात एक काम पुरे व्हायला ६० मिनिटे लागतात असे माना. त्यांपैकी ४५ मिनिटे मुख्य प्रोसेसरची, १५ कार्डाची. मालकांनी तिप्पट वेगाचे कार्ड घेतले. आता काम २० मिनिटांत होईल का?

नाही. कार्डाची १५ मिनिटे ५ वर येतील. बाकीची ४५ तशीच राहतील. एकूण ५० मिनिटे. तिप्पट वेगासाठी पैसे मोजले आणि काम सव्वापटही जलद झाले नाही. कार्ड अनंतपट वेगवान असते तरी ४५ मिनिटे लागलीच असती. खरेदीपूर्वी हे पाच ओळींचे गणित केले, तर लहान कारखान्याचे हजारो रुपये वाचू शकतात.

सरासरी फसवते

दोन कार्डांवर तेच हलते चित्र २० सेकंद चालवले. पहिल्याने १० सेकंद दर सेकंदाला ९० चित्रे काढली आणि पुढचे १० सेकंद फक्त १०. दुसऱ्याने सर्व वेळ ४५ चित्रे काढली. पहिल्याची सरासरी ५०, दुसऱ्याची ४५. सरासरीने पहिले कार्ड जिंकले. पण त्यावर काम करणाऱ्याला विचारा! दर चित्राला ११ मिलिसेकंदांऐवजी एकाएकी १०० मिलिसेकंद लागू लागले की चित्र झटके देते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत मंद क्षणांचीही नोंद करावी.

खोडदची गोष्ट

चाकणहून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे निघालात की राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगाव येते. तेथून जवळच खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. आकाशातून आलेले संकेत जुळवण्यासाठी प्रत्येक दोन तबकड्यांची जोडी लावावी लागते. जोड्या किती? ३० × २९ ÷ २ = ४३५.

पूर्वी ही दुर्बीण एका वेळी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळत असे. श्रेणीवाढीनंतर ही रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली, म्हणजे साडेबारापट. ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून एका प्रकारच्या ध्रुवणासाठी प्रत्येक तबकडीकडून सेकंदाला ४० कोटी नमुने येतात असे धरा. ४० कोटी × ४३५ = सेकंदाला १७,४०० कोटी जोडी-गुणाकार! या कामासाठी तेथे ग्राफिक्स प्रोसेसर बसवले आहेत.

येथे तुलनेची कसोटी निराळी आहे. संकेत थांबत नाही. येणारा डेटा येईल त्या वेगाने कार्डाने हातावेगळा केला तर ते पास. मागे पडले तर आकाशाचे ते क्षण हातचे गेले. ‘सर्वांत वेगवान कोणते’ यापेक्षा ‘या कामाला पुरेसे आहे का’ हा प्रश्न तेथे मोठा आहे.

करून पाहा

शाळेत किंवा ओळखीच्या ठिकाणी संगणक असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा.

१. दोन कार्डे तपासताना संगणक, पडदा, प्रणाली आणि चाचणी तीच ठेवा. फक्त कार्ड बदला. कार्ड बदलण्यापूर्वी संगणक बंद करून वीजजोडणी काढा.

२. चाचणी किमान पाच वेळा करा. वेळा चढत्या क्रमाने लिहून मधली घ्या.

३. पहिल्या दोन मिनिटांवर विसंबू नका. अर्धा तास सतत चालवून पुन्हा मोजा. तापलेले कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी ठोके कमी करते. जुन्या कार्डाच्या पंख्यात धूळ असेल, तर साफ करण्यापूर्वी व नंतर असे दोनदा मोजा.

४. पडद्यावरील बिंदूंची संख्या कमी करून पाहा. तरीही सेकंदाला चित्रे वाढली नाहीत, तर अडथळा बहुधा कार्डात नाही, मुख्य प्रोसेसरात आहे. अशा संगणकात नवे कार्ड बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

५. खोलीचे तापमान, वेळ आणि शक्य असल्यास मीटरवरील वीजवापर नोंदवा.

आता तुमचा निर्णय

पुन्हा त्या दोन संगणकांकडे वळू. आकृत्या, चित्रफिती आणि विज्ञानाची सादरीकरणे हे काम असेल तर ७५० टीआय ठेवावे. वेग जवळपास तोच, उष्णता व वीज चौथाई. शिवाय जीटीएक्स ४८० च्या पिढीसाठी नवे चालक सॉफ्टवेअर देणे निर्मात्याने २०१८ साली थांबवले. यंत्र धडधाकट असले तरी आजचे कित्येक कार्यक्रम त्याला ओळखत नाहीत. दुहेरी अचूकतेची चौपट ताकद खरी. पण ती वापरणारे जुने सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल तरच तिचा उपयोग.

मात्र ४८० लगेच भंगारात टाकू नका. ते उघडून तांब्याच्या नळ्या, उष्णता पसरवणाऱ्या पट्ट्या आणि स्मृतीच्या चकत्या पाहा. मग ते इ-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

एक गणित तुमच्यासाठी : एका कामाला ४० मिनिटे लागतात. त्यांपैकी ३० मिनिटे कार्डाची आहेत. तिप्पट वेगाचे कार्ड बसवले तर एकूण वेळ किती? भोसरीतल्या कार्यालयाला न परवडलेली खरेदी येथे परवडेल का? वर्गात चर्चा करा, आणि उत्तराबरोबर कारणही लिहा.